खांद्याचं माप

मला गिटार येत नाही. आधीच सांगतो.
दुकानात एक आहे, तारा नसलेली,
भंगारवाल्याकडून तीनशेला आणलेली,
पट्टा लटकवून बघायला.
महानंदा तिला आपली घोडी म्हणते.

वडील बैलांचे पट्टे करायचे,
लाल गोंड्यांचे, घुंगरं ओवलेले,
गड्ड्याच्या जत्रेत पाल टाकून विकायचे.
मानेचं माप हातानंच:
दोन वीत, चार बोटं,
आणि बैलाला श्वास घेता येईल तेवढं वर.
हे ‘तेवढं’ किती
ते त्यांनी कधी आकड्यात सांगितलं नाही.
मग गावोगाव ट्रॅक्टर आले
आणि विचारायचंच राहिलं.

मी गिऱ्हाइकाला फोनवर सांगतो,
टेप खांद्यावरून घ्या, तिरका, कमरेपर्यंत,
उभं राहून, श्वास सोडून.
लोक बसून मोजतात.
पोट आत ओढून मोजतात.
सव्वाशे म्हणणाऱ्याला मी एकशेतीसचा कापतो,
तीन भोकं जादा पाडतो,
आणि मनात म्हणतो, तेवढं वर.

कातडं चेन्नईहून येतं, म्हशीचं, गुंडाळी करून.
सोबत पावती.
पावतीची झेरॉक्स प्रत्येक पार्सलात घालतो,
गिऱ्हाइकासाठी नव्हे,
रस्त्यासाठी.

पुण्याच्या एकानं विचारलं, अस्सल आहे ना?
वास येईल ना?
येईल की.
शाळेत माझ्या शर्टाला यायचा
तेव्हा पोरं बाक बदलून घ्यायची.
आता त्याच वासाचे
अडीचशे रुपये जास्त लावतो.

मे महिन्यात पत्र्याखाली मेण हातातच वितळतं,
म्हणून शिवण पहाटे, पाचला.
दोन सुया, दोरा एकच.
एक इकडून जाते, एक तिकडून येते,
एकाच भोकात एकमेकींना ओलांडतात
आणि मी दोन्ही हात लांब करून ओढतो,
कुणाला तरी मिठी मारायला निघाल्यासारखा.
भिंतीपलीकडे अंबादास येमूलचा माग,
खटाक् पटाक्, खटाक् पटाक्.
चादरीच्या कडेची उरलेली पट्टी तो मला देतो,
मी ती अस्तराला लावतो.
बदल्यात त्याच्या मागाचा चामडी पट्टा
मी फुकट सांधतो.
लाईट गेली की त्याचा माग थांबतो
आणि माझी हातोडी चुकते.
हे मी त्याला अजून सांगितलं नाही.

परवा ऐझॉलहून एक पट्टा परत आला.
तीन वर्षांपूर्वीचा. डावखुरी मुलगी,
नाव मला नीट उच्चारता येत नाही,
वहीत ‘डावी, मिझोराम’ असं लिहिलेलं.
बटणाची चीर फाटली होती.
चिठ्ठीत एवढंच: दुरुस्त करा, पुसू नका.

काढला तर खांद्याच्या जागी काळा पडलेला,
वळलेला, जमिनीवर ठेवला तरी
कुणीतरी आत असल्यासारखा.
आणि माझ्या दुसऱ्या नि तिसऱ्या भोकाच्या मध्ये
एक चौथं.
खिळ्यानं पाडलेलं असावं, किंवा कात्रीच्या टोकानं,
वाकडं, कडा कुरतडलेल्या.
तिनं तेच वापरलं होतं. माझी तिन्ही
नव्यासारखी कोरी.

मी टेप लावली.
माझ्या दुसऱ्यापासून अकरा मिलिमीटर.
वहीत लिहिलं, अकरा.
मग खोडलं.

चीर शिवली, आतून ठिगळ दिलं.
त्या वाकड्या भोकाकडे पंच घेऊन
दोनदा हात गेला,
एका ठोक्यात गोल झालं असतं.
पंच परत खोक्यात ठेवला.

महानंदा बिलाला बसली होती.
किती लावू?
कुरिअरचे तेवढे घे, म्हटलं.
तिनं पट्टा उचलला, उलटा केला,
त्या भोकात करंगळी घालून बघितली.
‘असं परवडतं व्हय?’ म्हणाली,
आणि दोनशे लिहिले.